सर्वोच्च पदाची पहिली पायरी

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, बँकेच्या दारात सकाळपासून वृद्ध बायाबापड्यांची रांग लागलेली दिसते. कशाची रांग म्हणून विचारले तर 'निराधारचा पगार' असे उत्तर मिळते. या पगाराचे कागदोपत्री नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि ती १९८० साली सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. त्यांच्याच कारकिर्दीत, १ मे १९८१ रोजी, जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि परभणीचा परतूर तालुका त्यात गेला. या जिल्ह्याच्या नकाशावर आणि इथल्या गरिबाच्या घरखर्चावर अशी एकाच माणसाची मोहोर आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यापासून मुख्यमंत्रिपदावर बसलेला तो एकमेव मुसलमान. पगार राहिला, माणूस विसरला गेला, आणि त्याच्यासारखा दुसरा कधी झाला नाही.

अल्पसंख्य समाजातील व्यक्ती देशाच्या सर्वोच्च पदी निवडून येऊ शकेल काय, हा प्रश्न २००८ च्या नोव्हेंबरात बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा आपल्याकडे मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला. आपले त्यावरचे उत्तर ठरलेले असते : आम्ही हे केव्हाच करून दाखवले आहे. १९६७ साली डॉ. झाकीर हुसेन, १९७४ साली फक्रुद्दीन अली अहमद, १९८२ साली ग्यानी झैलसिंग, २००२ साली डॉ. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले. २००४ पासून सलग दहा वर्षे डॉ. मनमोहनसिंग पंतप्रधान होते. ही यादी खरी आहे आणि तिचा अभिमान वाटण्यात काही गैर नाही. परंतु प्रश्नात 'निवडून येणे' हे जे क्रियापद आहे, त्याला ही यादी स्पर्श करीत नाही. राष्ट्रपतीला सामान्य मतदार निवडत नाही. खासदार आणि आमदार निवडतात. मनमोहनसिंग पंतप्रधानपदाची दहाही वर्षे राज्यसभेचे सदस्य होते. लोकसभेसाठी ते १९९९ साली दक्षिण दिल्लीतून उभे राहिले आणि पराभूत झाले. ब्रिटनमध्ये ऋषी सुनाक २०२२ साली पंतप्रधान झाले तेही पक्षांतर्गत निवडीने. नेता म्हणून ते २०२४ साली मतदारांसमोर गेले तेव्हा त्यांचा पक्ष हरला.

पदावर बसवले जाणे आणि पदापर्यंत निवडून येणे यांत फरक आहे, आणि तो केवळ तांत्रिक नाही. जो बसवला जातो, त्याला उठवणेही सोपे असते. कारण त्याच्या खुर्चीखाली त्याची स्वतःची जमीन नसते. अंतुले यांना इंदिरा गांधींनी बसवले. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटपाच्या प्रकरणात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेल्यावर त्यांना जावे लागले. निकाल धर्माविषयी नव्हता, कारभाराविषयी होता, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. १९८६ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर पद सोडावे लागले. २०१० साली अशोक चव्हाण यांना 'आदर्श' प्रकरणात. दोघेही आपल्या मराठवाड्याचे. त्यानंतर मराठवाड्याचा किंवा मराठा समाजाचा मुख्यमंत्री पुन्हा नको, असे कोणी मनातही आणले नाही, आणि ते योग्यच झाले. बहुसंख्याच्या चुकीचा हिशेब त्या माणसाच्या नावे लिहिला जातो. अंतुले यांच्यानंतर मात्र चार दशके उलटून गेली तरी दुसरे नाव गंभीरपणे पुढे आले नाही.

सुशीलकुमार शिंदे यांची कथाही याच वळणाची आहे. जानेवारी २००३ मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. २००४ ची निवडणूक त्यांच्या कारकिर्दीत आघाडीने जिंकली, आणि विजयानंतर मुख्यमंत्रिपदाची शपथ विलासराव देशमुखांनी घेतली.

अनुसूचित जातींना निदान राखीव मतदारसंघांची शिडी आहे. धार्मिक अल्पसंख्यांना ती नाही, आणि ती का नाही याचा आपल्याला विसर पडला आहे. मे १९४९ मध्ये संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्यांसाठीच्या राखीव जागा रद्द केल्या. त्यामागचा विचार उदात्त होता : स्वतंत्र भारतात धर्मावर आधारलेल्या वाट्याची गरज पडू नये, बहुसंख्यांच्या न्यायबुद्धीवर विसंबता यावे. तो एक करार होता. त्यातला आपला, म्हणजे बहुसंख्यांचा, भाग आपण पाळला काय, हे तपासण्याची जागा दिल्ली नव्हे. परभणीसारखा मतदारसंघ आहे.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत परभणीतून वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार आलमगीर खान यांना सुमारे दीड लाख मते मिळाली. शिवसेनेचे संजय जाधव सुमारे ४२ हजारांच्या फरकाने निवडून आले. निकालानंतर अशा उमेदवाराविषयी जे बोलले जाते ते आपण सर्वांनी ऐकले आहे आणि बहुतेकांनी उच्चारलेही आहे : 'त्याने मते खाल्ली.' हे क्रियापद जरा थांबून ऐकावे. खाल्ली म्हणजे ती मूळची दुसऱ्या कोणाची तरी होती! दीड लाख माणसे रांगेत उभी राहून एका नावापुढचे बटण दाबतात आणि आपली भाषा त्यांना मतदार मानायलाही तयार नसते. ती त्यांना कोणाच्या तरी ताटातला घास मानते. ज्या उमेदवाराचा उल्लेखच असा होतो, त्याच्या सर्वोच्च पदाची चर्चा करणे ही निव्वळ करमणूक आहे.

यावर मराठवाड्यातून एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आमच्याकडे अल्पसंख्याची सत्ता दोन शतकांहून अधिक काळ होती, तिचा शेवट सप्टेंबर १९४८ मध्ये झाला आणि रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी घराघरांत आहेत, असे लोक म्हणतात. त्या आठवणी खऱ्या आहेत. परंतु निजामाला कधी परभणीच्या बाजारात हात जोडून मत मागावे लागले नाही, आणि हाच तर सारा भेद आहे. जो मत मागायला दारात येतो तो त्या राजवटीचा वारस नसतो, तिच्या अंताचे फळ असतो. प्रचाराच्या सभेत त्याला 'रझाकार' म्हणणारा वक्ता हैदराबाद मुक्तिसंग्रामाचाच अर्थ पुसून टाकत असतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : लोक मतेच देत नाहीत, तर पक्षांनी काय करावे? याला इतिहासाचे उत्तर वेगळे आहे. मुख्यमंत्रिपद गेल्यानंतर हेच अंतुले कुलाबा मतदारसंघातून १९८९, १९९१, १९९६ आणि पुन्हा २००४ साली लोकसभेवर निवडून गेले. तिथला बहुसंख्य मतदार हिंदू होता. शिंदे १९९८ आणि १९९९ साली सोलापूरच्या तेव्हा खुल्या असलेल्या जागेवरून जिंकले. आपल्या जिल्ह्यात २००४ साली पाथरीने बाबाजानी दुर्राणी यांना विधानसभेवर पाठवले. तीच पाथरी, जी साईबाबांना आपले मानते. परभणीत तुराबुल हक यांच्या उरुसाला कोणकोण जाते हे सांगण्याची गरज नाही. मतदार दरवेळी उदार असतो असे नाही. अंतुलेही २००९ साली हरले. परंतु त्याला विचारले तर पाहिजे! २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांसाठी दोन्ही प्रमुख आघाड्यांच्या याद्यांत एकही मुस्लिम नाव नव्हते. अकरा टक्क्यांहून अधिक लोकसंख्येच्या समाजाला एकाही जागी मतदाराने नाकारले नाही, कारण मतदारापर्यंत तो पोचलाच नाही. नकार उमेदवारी ठरवणाऱ्या बंद खोलीतच झाला होता आणि तो मतदाराच्या नावावर खपवण्यात आला.

अल्पसंख्यांनी आपल्याच माणसाला मत द्यावे, असा याचा अर्थ नाही. तसे झाले तर प्रत्येक समाज आपापल्या संख्येच्या कुंपणात बंदिस्त होईल आणि सर्वोच्च पद कायमचे मोठ्या कुंपणाकडे राहील. मला म्हणायचे आहे ते याच्या उलट. बहुसंख्य समाजातल्या मतदाराला दुसऱ्या समाजाच्या चांगल्या उमेदवाराला मत देण्याची संधी वारंवार मिळाली पाहिजे. त्याशिवाय त्या सवयीला बळ येणार नाही. ती सवय नगरपरिषदेपासून लागते, मग विधानसभेपर्यंत जाते, आणि पंतप्रधानपदाचा प्रश्न त्यानंतर केव्हातरी येतो.

म्हणून दिल्लीच्या खुर्चीवर कोण बसेल याचे भाकीत करण्यात मला फारसा रस नाही. पुढच्या निवडणुकीत परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड येथील उमेदवारी ठरेल तेव्हा कोणत्या नावावर चर्चा झाली आणि कोणते नाव 'चालणार नाही' म्हणून बाजूला सारले गेले, एवढे आपण आपापल्या पक्षाच्या माणसांना विचारावे. निराधारच्या रांगेतल्या आजीने योजना सुरू करणाऱ्याचा धर्म कधी विचारला नव्हता. तिच्या वतीने तो कोण विचारते आहे, हे आता आपण विचारायला हवे.