शहरातील पडीक जमीन कोणाची?



धम्मदीक्षा घेतल्यानंतर घरातील देव्हारा उतरविणे एका दिवसात होते. परंतु त्यानंतर वस्तीपुढे जो प्रश्न उभा राहतो तो वर्षानुवर्षे सुटत नाही. तो प्रश्न जागेचा. वंदनेला बसावयाचे कोठे? दोन खोल्यांच्या घरात पाच मुले असता त्यांनी अभ्यास करावयाचा कोठे? मग बैठकीत कोणी तरी बोट दाखवितो: ती बंद पडलेली भातगिरणी पाहा, ते छप्पर उडालेले गोदाम पाहा, तो वर्षानुवर्षे बाभळींनी भरलेला प्लॉट पाहा. रातोरात पंचशील ध्वज रोवू, मग पाहू कोण काढतो ते!

ह्या उत्साहाबद्दल आम्हांस आदर आहे, परंतु हा मार्ग आम्हांस मान्य नाही. तुम्ही त्रिशरणाबरोबर पंचशील ग्रहण केले आहे, आणि त्यातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. अनाथपिंडिकाने जेतवन तथागतांच्या संघासाठी घेतले ते भूमीवर सुवर्णमुद्रा पसरून, उघड व्यवहाराने. डोक्यावर छप्पर नाही म्हणून ज्या मजुराने सरकारी जागेवर झोपडी उभी केली, त्याला आम्ही चोर म्हणणार नाही. त्याला छप्पर देणे हे राज्याचे कर्तव्य होते, ते राज्याने केले नाही. परंतु संघटित समाजाने चोरपावलांनी जागा घेणे ही निराळी गोष्ट आहे. शिवाय त्यात आपले नुकसानही आहे. ध्वज रोवून मिळते ती गुंठाभर जागा. मागावयास हवे ते संपूर्ण आवार.

गोंदिया हे तांदळाचे, बिडीचे आणि रेल्वेचे शहर. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून नैनपूरमार्गे जबलपूरकडे छोटी लाईन गेली, आणि जंक्शनभोवती बाजार, गिरण्या व गोदामे वाढली. पुढे छोटी लाईन जाऊन मोठी आली आणि धंद्याच्या जागा बदलल्या. शहराच्या मध्यभागी असे तुकडे पडून राहतात, ज्यांना रस्ता आहे, नळ आहे, विजेचा खांब आहे, केवळ उपयोग नाही. आणि त्याच वेळी शहर बाहेरच्या बाजूस धानाच्या बांध्या गिळीत सुटते. काल जेथे रोवणी होत होती तेथे आज मुरूम पडतो, खुणेचे दगड उभे राहतात, आणि लेआउटची पाटी लागते.

ह्यात आपले काय जाते, असे कोणी विचारील. बांधी ज्याची त्याला पैसा मिळतो हे खरे. परंतु रोवणीस वाकणाऱ्या बाईला त्यातील एक पैसाही मिळत नाही. तिची मजुरी मात्र कायमची जाते, आणि ती बाई बहुधा आपल्याच वस्तीतील असते. दुसरी हानी पाण्याची. हा जुन्या मालगुजारी तलावांचा आणि बोड्यांचा मुलूख आहे. बांधीचा धुरा पावसाचे पाणी अडवितो, ते जमिनीत मुरते, तलावांकडे सावकाश सरकते. धुरा मोडून त्यावर सिमेंट पडले म्हणजे तेच पाणी वाट फुटेल तेथे धावते, आणि ते प्रथम शिरते सखल भागातील वस्तीत. सखल भागात कोण राहतो हे आम्ही सांगावयास नको. यास्तव शहराने बाहेर पसरण्यापूर्वी आपल्या पोटातील पडीक जागा वापरावी, ही मागणी निसर्गाच्या हौशी भक्तांचीच आहे असे मानू नका. ती सर्वात अधिक आपली आहे.

आणि ती नवीनही नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांच्या सनदेत पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही मागणी होती, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच सनदेत झोपडपट्टीतील लोकांची स्थिती सुधारा अशीही मागणी होती, हे आपण विसरलो. त्या दोन मागण्या एकत्र वाचल्या तर आजच्या शहराचा प्रश्न समोर उभा राहतो. त्या काळी पडीक म्हणजे गावाबाहेरचे माळरान होते. आज पडीक म्हणजे बंद कारखान्याचे आवारही आहे.

मुंबईत काय घडले ते पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. सुमारे ६०० एकर जमीन महानगराच्या ऐन मध्यभागी मोकळी होऊ लागली. १९९१ च्या नियमाने ठरले की अशा जमिनीचे तीन वाटे व्हावेत: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालच्या जमिनीची नाही, असे ठरले. गिरणीचे आवार म्हणजे मुख्यतः बांधकामच! मैदानांचा आणि घरांचा वाटा एका शब्दाने आटला. काही जागरूक नागरिक न्यायालयात गेले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

ह्या गिरण्यांशी आपले नाते कोणते होते? कित्येक गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जेथे पगार अधिक होता, आपल्या माणसास प्रवेशच नव्हता. धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, तेथे अस्पृश्याचे तोंड कसे चालेल, असा तो युक्तिवाद होता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ज्या छपराखाली आपल्याला यंत्रास हात लावू दिला नाही, त्या छपराखालच्या जमिनीवर आपला काही हक्क पोहोचतो की नाही, हा प्रश्न २००१ साली आपल्या वस्त्यांतून मोठ्याने विचारला जावयास हवा होता.

दादरच्या चैत्यभूमीलगत असलेल्या इंदू मिलच्या बाबतीत मात्र समाज जागा झाला. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते त्या आवारात शिरले. पुढील वर्षी केंद्र सरकारने ती सुमारे १२ एकर जागा स्मारकासाठी देण्याचे जाहीर केले, आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. हा विजय लहान नाही. परंतु आमचे मत कटू वाटले तरी सांगणे भाग आहे: १२ एकरांसाठी आपण जेवढे पेटून उठलो त्याच्या दशांशानेही उरलेल्या जमिनीचा हिशेब मागितला नाही. स्मारक हवेच, परंतु बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर उभे राहणाऱ्या माणसाला रात्री परतावयास घरही हवे. नागपुरात तर स्मारकाचाही प्रश्न नव्हता. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. आज त्या आवारात मॉल आणि उंच इमारती आहेत.

आता आपल्या शहराकडे वळू. गोंदिया असो की तिरोडा, नगर परिषदेची विकास योजना १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगर रचना कायद्याखाली होते. तिच्या नकाशावर शाळा, उद्यान, वाचनालय, घरे यांसाठी जागा आरक्षित केलेल्या असतात. मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे ठरावीक मुदतीत हरकती व सूचना घेतल्या जातात, आणि त्या मुदतीत व्यापाऱ्यांचे वकील हजर असतात, आपण नसतो. त्याच कायद्यात असेही आहे की दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण संपते. वस्तीसाठी राखलेले मैदान अशा रीतीने कोणीही न हिसकावता नाहीसे होते.

म्हणून प्रत्येक वस्तीतील दोन-तीन शिकलेल्या तरुण-तरुणींनी प्रथम तो नकाशा पाहावा. ओसाड दिसणाऱ्या जागेचा मालक कोण, ती नझूलची आहे, रेल्वेची आहे की खासगी, हे भूमी अभिलेख कार्यालयातून काढावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. खासगी जागा असल्यास तिच्यावर आरक्षण आहे काय, आणि त्याची किती वर्षे उरली आहेत, हे पाहावे. जागा सरकारी असल्यास लेखी मागणी करावी, आणि ती केवळ विहारासाठी करू नये. प्रथम बेघरांसाठी घरे, मुलींसाठी वसतिगृह, अभ्यासिका, पावसाचे पाणी मुरेल असा मोकळा भाग, आणि त्यातच सर्वांस खुले असे वंदनेचे सभागृह, अशी मागणी करावी. अशा मागणीवर शेजारच्या मोहल्ल्यातील इतर गरीब माणूसही सही करील. ह्या जिल्ह्यातील हलबा, गोंड, ढीवर आणि मुसलमान मजूर ह्यांचा आणि आपला ह्या बाबतीत एकच प्रश्न आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ज्या आवारात यंत्रे, तेल वा रसायने होती तेथील माती तपासल्याविना मुलांना खेळू देऊ नये, आणि हा खर्च मागणीतच लिहावा. दुसरे असे की उद्यानाच्या नावाखाली जुनी झोपडपट्टी उठविण्याचा प्रस्ताव आला, तर तेथील प्रत्येक कुटुंबाला त्याच परिसरात घर मिळाल्याशिवाय त्यास संमती देऊ नये.

१९५४ साली भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, तेव्हा गोंदिया त्याच जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्या निवडणुकीत आपण त्यांना निवडून आणू शकलो नाही. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या लस संस्थेजवळील एका मोकळ्या मैदानावर त्यांनी आपल्याला धम्म दिला. त्याच दीक्षाभूमीत भूमिगत वाहनतळ खोदला जाऊ लागला, तेव्हा १ जुलै २०२४ रोजी हजारो अनुयायी तेथे जमले आणि शासनास ते काम थांबवावे लागले. खोदकाम सुरू झाल्यावर धावून जाणे आपल्याला येते. नकाशा कागदावर असतानाच नगर परिषदेच्या दारात उभे राहणे अद्याप शिकावयाचे आहे. ह्या पंधरवड्यात आपल्या वस्तीतून कोण जाणार, हे येत्या रविवारच्या वंदनेनंतर ठरवावे आणि त्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत.