भ्रामरीचा विसर

दुर्गासप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवीचे वचन आहे: अरुण नावाच्या असुराच्या संहारासाठी ती असंख्य भ्रमरांचे रूप धारण करील. तीच भ्रामरी. मदनाच्या उसाच्या धनुष्याची दोरीही भुंग्यांचीच. फूल आणि भ्रमर यांच्या नात्यावर सृष्टी उभी आहे, हे पूर्वजांनी कथेत आणि चित्रात जपले. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाच्या २०१६ च्या अहवालानुसार, जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पिके कमी-अधिक प्रमाणात परागसिंचन करणाऱ्या जिवांवर विसंबून आहेत.

आज मात्र नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो आणि त्याच इमारतीच्या सज्जाखालचे आग्यामोहोळ विषारी फवाऱ्याने मारले जाते. भीती खरी आहे. पण जाणकाराकडून पोळे हलविता येते. शेतात पीक फुलोऱ्यावर असताना कीटकनाशक फवारणे, बांधावरची झाडे तोडणे, हेही त्याच विसराचे रूप.

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथे मधमाशी हा उपजीविकेचा आधार आहे. उत्सवमंडळांनी देखाव्यात महिषासुराबरोबर एकदा भ्रामरीही साकारावी, तिच्या पायाशी जांभळाचा फुलोरा दाखवावा. मूर्तीचे विसर्जन होईल. पोळे तेवढे राखावे.