नांदुऱ्याचा मैला आणि वऱ्हाडची काळी माती

घाणीविषयीं बोलणें सभ्य समाजांत अप्रशस्त मानलें जातें. पण जिचें नांव घेण्यास आम्हांस लाज वाटते, तीच घाण नदीनाल्यांत सोडतांना मात्र वाटत नाहीं, ही आमच्या नागरिकपणाची मोठीच विसंगति होय. नांदुऱ्यासारख्या गांवांत संडासाखालीं टाकी बांधली कीं घरधन्याची जबाबदारी संपली! टाकी भरली म्हणजे टँकर बोलवावा, पैसे द्यावे व मोकळें व्हावें. तो गाळ पुढें कोठें ओतला गेला, हें आपणांपैकीं किती जणांनीं विचारलें आहे?

वस्तुतः हा गाळ म्हणजे फुकट जाणारें नत्र व स्फुरद आहे. त्यास जोड हवी ती कर्बाची, आणि ती आमच्या शेतांत पऱ्हाटीच्या रूपानें पडलेली आहे. दोहोंचा मेळ घालून ओलावा व हवा राखली तर ढिगांत आपोआप उष्णता उत्पन्न होते. ती 55 अंशांवर पुरेसे दिवस टिकली व ढीग वरचेवर परतला, म्हणजे रोगजंतु व जंतांचीं अंडीं नष्ट होतात. ही विद्या परकी नव्हे. इंदूरच्या कापूस-संशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं खताची 'इंदूर पद्धति' सिद्ध करून 1931 सालीं ग्रंथरूपानें मांडली. तेथें टणक पऱ्हाटी गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घेत असत. इकडे आम्ही मात्र पऱ्हाटी जाळतों, मैला ओततों, आणि परदेशाहून येणाऱ्या पोटॅशसाठीं दुकानापुढें रांग लावतों! यास शहाणपण म्हणावें काय?

यावर आक्षेप दोन. पहिला विषारी धातूंचा. तो खरा आहे. म्हणूनच कारखान्यांचें सांडपाणी यांत मिसळूं देऊं नये, आणि प्रत्येक ढिगाची तपासणी होऊन तिचा निकाल जाहीर झाल्यावांचून तें खत विकूं नये. दुसरा आक्षेप किळसेचा. तो तोंडानें स्वच्छतेचा असला तरी पोटांत जातीचा आहे. हें काम 'त्यांचें', असें आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलों. अप्पासाहेब पटवर्धन यांनीं 1932 सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत हेंच काम आपणहून मागून घेतलें व त्यासाठीं उपोषण केलें. 2013 च्या कायद्यानें माणसास संरक्षणावांचून टाकींत उतरविणें गुन्हा ठरविला. तरीहि टाक्यांत गुदमरून माणसें मरतच आहेत. 2023 सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरविली. पण भरपाई म्हणजे न्याय नव्हे.

वाई व सिन्नर येथील नगरपालिकांनीं टाक्या उपसण्याचें वेळापत्रक ठरवून गाळावर प्रक्रिया चालविली. जें तेथें शक्य झालें, तें येथें कां होऊं नये? प्रत्येक टँकरचा गाळ कोठें पोंचला याची नोंद, यंत्रानें उपसा, कामगारांस पुरें वेतन, आणि बाजारांतील पालापाचोळा व पऱ्हाटी यांसह तयार केलेलें तपासलेलें खत, एवढें नांदुऱ्याच्या करदात्यांनीं व व्यापाऱ्यांनीं नगरपालिकेकडे मागावें. जमिनीकडून आपण रोज घेतों. तिचें देणें नदींत बुडविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?