आधी वहीत लिहा, मग खरं माना

आमच्या खालाची स्वप्नं खरी होतात. निदान आमच्या घरात सगळे तसंच मानतात. नानांचं जाणं तिला आधीच दिसलं होतं, मामूंची नोकरीही दिसली होती, असं लहानपणापासून ऐकत आलेय. त्यामुळे मामेबहिणीला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि खालाला स्वप्नात काळं पाणी दिसलं, तेव्हा घरात वाद झालाच नाही. पोरीचं जाणं थांबलं.

मी खालाशी भांडले नाही. प्रवेशाच्या पुढच्या फेरीला वेळ होता. तिला एवढंच म्हटलं, "खाला, चाळीस दिवस रोज सकाळी काय दिसलं ते मला सांग. मी तारीख घालून वहीत लिहिते." ती हसली, पण तयार झाली.

चाळीस दिवसांत सव्वीस स्वप्नं लिहून झाली. मग दोघींनी बसून वही वाचली. 'पाहुणे येतील' हे खरं झालं होतं, पण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा पाहुणे येतातच. 'पाणी चढेल' हेही खरं झालं होतं, पण पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढणं आणि राजाराम बंधारा पाण्याखाली जाणं कोल्हापूरला नवं नाही. उरलेली बरीच स्वप्नं तिला स्वतःलाच आठवेनात. आणि मामू स्कूटरवरून पडून पाय मोडून घेऊन आले, त्याचा मात्र वहीत मागमूस नव्हता.

खाला खोटं बोलत नव्हती. आपल्या सगळ्यांचंच असं होतं. जुळलेली गोष्ट आपण दहा जणांना सांगतो, न जुळलेली दुपारपर्यंत विसरतो. दहा वर्षांनी आठवणीत फक्त जुळलेल्याच उरतात. वही मात्र दोन्ही सांभाळून ठेवते.

हेच काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवणारा माणूस आपल्याच गावात जन्मला होता. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. २००८ साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत ज्योतिषांची चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळा गोळा करून त्यांच्या कुंडल्या बनवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची, एवढंच सांगायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. छापा-काटा करूनही ४० पैकी २० च्या आसपास बरोबर येतात. म्हणून यशासाठी किमान २८ बरोबर हवीत, असं आधीच ठरलं होतं. सर्वांत जास्त बरोबर आली २४, आणि सगळ्यांची सरासरी २० पेक्षाही कमी निघाली. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी.

या चाचणीत कुणाची टिंगल नव्हती. दावा काय, यश कशाला म्हणायचं, हे आधीच ठरलेलं होतं. मला त्यातलं तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

इथपर्यंत आपले मित्र खुशीत मान डोलावतात. ज्योतिषी दुसऱ्यांचे असतात ना! पण आपले आमिल, हाजरी लावणारे बाबा, चेहरा बघून 'कुणीतरी करणी केलीय' सांगणारे, त्यांचं काय? तिथे लगेच ऐकू येतं, "ते वेगळं आहे, त्यात दीन आहे."

खरंच आहे का? काहिनाकडे जाऊ नये, ही शिकवण आपण मकतबपासून ऐकतो. नाव बदलून 'आमिल' केलं की ती विसरतो. मदिनेत इब्न सय्याद नावाचा एक मुलगा होता, त्याला गुप्त गोष्टी कळतात अशी चर्चा होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत त्याची हकीकत आहे. पैगंबरांनी (स.) मनात एक गोष्ट धरली आणि त्याला ओळखायला सांगितलं. त्याला अर्धवट शब्दच सांगता आला. पुढे एकदा तो एकटा असताना काय पुटपुटतो हे ऐकायला पैगंबर (स.) खजुरीच्या झाडांआडून गेले, पण त्याच्या आईने त्याला सावध केलं. उलेमांनी या हकीकतीचे अनेक अर्थ लावले आहेत. मी त्यातून एवढंच घेते की ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पाहावं. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक दोन्ही गोष्टी जोडू लागले, तेव्हा कुणाच्या मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. इतक्या दुःखात असताना. आपण मात्र पापणी लवली तरी अर्थ शोधतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. आजच्या वातावरणात आपल्याच बाबांची उलटतपासणी करणं म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणं, असं म्हणतात. ही भीती मला समजते. पण गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं? ज्या मुलीला मानसोपचाराची गरज असताना जिन उतरवायला नेतात, ती मोजते. कर्ज काढून तावीज घेणारी आई मोजते. आणि जादूटोणाविरोधी कायदा नमाजाविरुद्ध किंवा दर्ग्यावर जाण्याविरुद्ध नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण आणि चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, यांविरुद्ध आहे. त्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. तो सगळ्या धर्मांच्या बाबांना सारखाच लागू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "त्यांना मनातलं कळतं, एकदा येऊन तर बघ," तर हसू नका आणि घाबरूही नका. दावा नेमका काय ते लिहून घ्या. काय झालं म्हणजे बरोबर मानायचं, हे दोघांनी आधी ठरवा. एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या करून पंचवीस वेळा ओळखायला सांगितलं, तर निव्वळ नशिबाने पाचेक बरोबर येतील, हे ध्यानात ठेवा. चिठ्ठी उचलणाऱ्याचा चेहरा ओळखणाऱ्याला दिसू देऊ नका. चुका तितक्याच काळजीने मोजा. आणि आजारी माणसावर कधीही प्रयोग करू नका, त्याला आधी डॉक्टरकडे न्या.

राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०६ साली या गावात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, ते आपली मुलं शिकावीत म्हणून. एका स्वप्नापायी आपण मुलीला घरी बसवावं, हे या गावाला शोभत नाही.

खालाचं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. स्वप्नं बघायची ती थांबणार नाही, आणि थांबावी असं मलाही वाटत नाही. पण वही मिटताना ती म्हणाली, "पोरीला जाऊ दे. मी दुआ करीन." माझी मामेबहीण आज पुण्यात दुसऱ्या वर्षाला आहे.