वेतनाला सरकारी टेकू : कोणासाठी आणि कितपत?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि चारच दिवसांनी केंद्रीय गृह मंत्रालयाने एक आदेश काढला : कारखाने व दुकाने बंद असली तरी मालकांनी कामगारांना विनाकपात पूर्ण वेतन द्यावे. आदेशामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या छापखान्यातील यंत्र फिरत नव्हते, ज्या खाणावळीची चूल पेटत नव्हती, त्यांच्या मालकाने हे वेतन आणावयाचे कोठून, याचे उत्तर आदेशात नव्हते. मे महिन्यात तो मागे घेतला गेला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगून उभय पक्षांना वाटाघाटीचा मार्ग दाखविला. तोपर्यंत भिवंडीचे यंत्रमाग थांबले होते आणि असंख्य परप्रांतीय कामगारांनी गावची वाट धरली होती.

त्याच सुमारास ब्रिटनने वेगळा मार्ग पत्करला. घरी बसविलेल्या कामगाराच्या वेतनाचा ८० टक्के भाग, दरमहा २५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारने उचलला. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत चाललेल्या या योजनेचा लाभ सुमारे १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना झाला आणि तिजोरीवर सुमारे ७ हजार कोटी पौंडांचा भार पडला. जर्मनीत तर कमी तासांच्या कामाची भरपाई सरकारने करण्याची पद्धत जुनीच आहे. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख कामगार तिच्या आधाराने उभे राहिले. दोन्ही देशांत महत्त्वाची गोष्ट एकच घडली : कामगाराचे नाव मस्टरवरून उतरले नाही. हाताखालचा अनुभवी माणूस एकदा गेला की छोट्या मालकाला तो पुन्हा मिळेलच असे नाही, आणि नव्या माणसाला तयार करण्याइतकी त्याची ऐपतही नसते. म्हणूनच गेलेल्याला परत आणण्यापेक्षा त्याला जाऊ न देणे स्वस्त पडते.

यावर आक्षेप असा की, असा पैसा बहुधा भलत्याच खिशात जातो. आक्षेप निराधार नाही. अमेरिकेने २०२०-२१ मध्ये छोट्या उद्योगांना सुमारे ८० हजार कोटी डॉलर कर्जाऊ दिले आणि रकमेचा ठरावीक भाग वेतनावर खर्च केल्यास कर्ज माफ केले. डेव्हिड ऑटर व त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, ज्यांची नोकरी एरवी गेली असती अशा कामगारांपर्यंत यातील २३ ते ३४ टक्केच रक्कम पोहोचली. उरलेला पैसा प्रामुख्याने मालक व भागधारक यांच्याकडे गेला. तथापि दोष कशाचा, हेही पाहिले पाहिजे. पहिल्या फेरीत धंदा खरोखर बुडाला आहे काय, याचा पुरावा मागितलाच नव्हता. जो आधी आला त्याला मिळाले, आणि पहिला निधी दोन आठवड्यांच्या आत संपला. ज्याचा बँकेशी घरोबा होता तो पुढे सरकला. ज्याला अर्ज भरून देणारा कोणी नव्हता तो मागे राहिला. मदतीचे तत्त्व चुकले नव्हते. जाळ्याची वीण चुकली होती.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून आत्मनिर्भर भारत रोजगार योजना आली. नव्याने, अथवा साथीच्या काळात काम गमावून पुन्हा कामावर घेतलेल्या, १५ हजार रुपयांपेक्षा कमी वेतनाच्या कामगाराची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी दोन वर्षे सरकारने भरावयाची. हजारपर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांत दोन्ही वाटे मिळून वेतनाच्या २४ टक्के. सुमारे ६० लाख कामगारांना तिचा लाभ झाला. ही संख्या लहान नव्हे. परंतु यात मालकाचा प्रत्यक्ष भार हलका झाला तो त्याच्या १२ टक्क्यांपुरताच. मूळ वेतन त्यालाच द्यावयाचे होते. दुसरे असे की, हा कायदा सामान्यतः २० अथवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. चार नोकरांचा किराणा दुकानदार, सहा कामगारांचा लेथवाला, दोन कारागिरांचा शिंपी त्याच्या कक्षेतच येत नाहीत. जे सर्वांत लहान, तेच योजनेबाहेर राहिले.

१ ऑगस्ट २०२५ पासूनची विकसित भारत रोजगार योजनाही याच निर्वाह निधीच्या वाटेने जाते. ९९,४४६ कोटी रुपयांची तरतूद, मालकाला दर वाढीव कामगारामागे दरमहा ३ हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन, आणि तो कामगार किमान सहा महिने टिकण्याची अट, असे तिचे स्वरूप आहे. गैरव्यवहार रोखण्यासाठी अट योग्यच. पण छोट्या मालकाची अडचण महिन्याच्या एक तारखेची असते, सहा महिन्यांनंतरची नव्हे.

तेव्हा वेतन-अनुदानाने छोट्या मालकांना माणसे परत आणता येतात काय? येतात, पण गिऱ्हाईक परत येणार असेल तरच. अनुदान मागणी निर्माण करीत नाही. मागणी परतेपर्यंतचा पूल बांधते. तो पूल संकटाच्या पहिल्याच महिन्यात हवा, उत्पन्न घटल्याच्या साध्या पुराव्यावर हवा, रक्कम कामगाराच्या नावे त्याच्या खात्यात जावी, आणि तिची मुदत आधीच जाहीर असावी. दुकान-नोंदणी व बँक खाते एवढ्यावर लहानात लहान आस्थापनेला त्यात प्रवेश मिळावा.

दुष्काळात मजुराच्या हाताला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मान्य केले. शेतावर पाऊस न पडणे आणि दुकानात गिऱ्हाईक न येणे, दोन्हींत कामगाराचा अपराध नसतो. पुढील संकट येण्यापूर्वीच ही व्यवस्था कायद्यात बसविली पाहिजे. कारण रिकाम्या गल्ल्यासमोर बसलेल्या मालकाला केवळ आदेश देऊन कामगाराची चूल पेटत नाही, हे २०२० ने पुरते दाखवून दिले आहे.