काकी, फोटोत या!

दिवाळीचं कार्ड करायचं ठरलं की आमच्याकडे पहिला वाद कपड्यांवरून होतो, दुसरा फराळाचं ताट फोटोत घ्यायचं की नाही यावरून. गेल्या वर्षी तिसरा व्हायला हवा होता. झाला नाही, म्हणून हे लिहितेय.

सगळे रंकाळ्याच्या काठावर उभे. चुलतभाऊ मोबाईलात चौकट जुळवतोय. आणि काकी आपणहून बाजूला सरकल्या, हातात सगळ्यांच्या पिशव्या. हाक मारली तर म्हणाल्या, "मला कशाला गं त्यात? सणाचं कार्ड हाय. लोकांच्या घरात जाणार." काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा!

"त्यांनाच नको असतं हो," हे उत्तर मला तोंडपाठ आहे. नको असतं, की नको म्हणायचं असतं हे आपणच शिकवलेलं असतं?

आणि कृपा करून जुन्या चालीरीती सांगू नका. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आम्ही शहरातली शिकलेली माणसं. पेपरात वाचून "वा!" म्हणालो, आणि फोटोच्या वेळी काकींकडे पिशव्या दिल्या.

लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोलने पहिलं नाताळ कार्ड छापून विकलं. त्यावरही एक कुटुंबच होतं, पण चित्रातलं, कुणाच्याही घरचं नसलेलं. आपण स्वतःचा फोटो छापतो म्हणजे "आमच्या घरात आम्ही एवढे" असंच सांगतो ना? मग जे माणूस त्यात नाही ते घरात नाही, असंच वाचणाऱ्याला कळणार.

तीच गत मजकुराची. "श्री. अमुक आणि परिवार." फोटोत आठ चेहरे, नाव एकाचं. (ते एक माणूस फोटोत डोळे मिटून असलं तरी!)

यंदा मी काकींना चारचौघांत विचारलं नाही. संध्याकाळी त्या गवार मोडत होत्या, तेव्हा शेजारी बसून विचारलं. काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हिरवं लुगडं नेसू का?" एकच अट घातली, काकांचा फोटो कोपऱ्यात गोल करून लावायचा नाही. "माझाच राहू दे एकदा."

मग नऊ जणांचा फोटो, सहा बाय चारचा. प्रेसला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, साधा पाठवला की फाटतो. खाली नऊ नावं, वयाच्या क्रमाने. "परिवार कुठं टाकू?" प्रेसवाल्याने विचारलं. नको म्हटलं.

कार्डं गेल्यावर एका नातेवाइकांचा मला फोन आला, "काकींना कशाला मध्ये उभं केलंस?" मी फोन काकींकडे दिला. त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, आत कुकरची शिट्टी होत होती. पण नंतर त्यांनी चार कार्डं मागून घेतली, माहेरी कागलला धाडायला. पत्ते स्वतःच लिहिले.