एक्का अजून चालतो का?

शनिवारी रात्री साडेअकराला मोबाईल वाजला. "कॅप्टन, उद्या पहिली ओव्हर दादालाच देणार का?"

विचारणारा आमच्या ऑफिस टीमचा सगळ्यात तरुण बोलर. वय वर्षं २३, गुडघे नवे कोरे, आत्मविश्वास ओसंडून वाहणारा. आणि 'दादा' म्हणजे टीम सुरू झाल्यापासून प्रत्येक मॅचची पहिली ओव्हर टाकणारा आमचा हुकमी एक्का. वय वर्षं ४२. सूसच्या टर्फवर दर रविवारी सगळ्यांच्या आधी वीस मिनिटं पोचणारा, स्वतःची टेप स्वतः आणणारा आणि पोरांना पोहे खिलवणारा माणूस!

ज्यांना सूस माहीत नाही त्यांच्यासाठी: पाषाणकडून येऊन हायवेचा पूल ओलांडलात की आलंच. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी आमच्यातले अर्धे लोक पत्त्यात अजून 'ता. मुळशी' लिहितात. जुनी सवय पटकन सुटत नाही बॉस! दादाला पहिली ओव्हर देण्याची सवयही त्यातलीच की काय, हाच खरा प्रश्न होता.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक म्हणत होती, रन बघा, दादाला आता धुतात. दुसरी म्हणत होती, विकेट बघा, अजून सगळ्यात जास्त त्याच्याच आहेत. एकाने तर चक्क एक्सेल शीट टाकली. आणि गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या तीच शीट दाखवून भांडत होत्या.

झोप उडाली ती उडालीच. मग मी ऑफिसवाल्यांना सोडलं आणि झहीर खानकडे गेलो. म्हणजे त्याच्या घरी नाही हो, त्याच्या आकड्यांकडे!

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये टीमच्या सगळ्यात भरवशाच्या पिचरला 'एस' म्हणतात. एस म्हणजे पत्त्यातला एक्का. त्याचं वय वाढलं की तिकडेही हीच चर्चा रंगते: हा अजून एक्का आहे, की नुसतं जुनं नाव? आपल्याकडे ही चर्चा ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त झाली असेल, तो आपला श्रीरामपूरचा डावखुरा झहीर. ९२ टेस्ट, ३११ विकेट. शिवाय त्याचं एक गाजलेलं हत्यारही बेसबॉलमधूनच आलेलं. नकल बॉल! बोटांच्या पेरांनी चेंडू धरायचा, हात नेहमीच्या वेगाने फिरवायचा आणि चेंडू मात्र हळू सोडायचा. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये भलेभले त्यात फसले.

आता हा एक्का जरा नीट तपासू.

२३ मार्च २००३, जोहान्सबर्गचं वाँडरर्स मैदान, वर्ल्ड कपची फायनल. झहीरच्या पहिल्याच ओव्हरमध्ये १५ रन गेले. दिवसअखेर ७ ओव्हर, ६७ रन, विकेट शून्य. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. अंगात वेग होता, गुडघे ठणठणीत होते. म्हणजे ऐन तारुण्यात, ऐन मोठ्या दिवशी एक्का चालला नाही. तेव्हा वय हेच एकमेव कारण, हा पहिला गैरसमज इथेच बाद!

पुढे २००५ च्या सुमारास तो टीमबाहेर गेला. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळला आणि चॅम्पियनशिपच्या त्या एका सीझनमध्ये ७८ विकेट काढल्या. परतला तो वेगळाच बोलर होऊन. रनअप छोटा, उडी कमी, डोकं जास्त. थोडक्यात, अंगाचा खर्च कमी करून त्याने कमाई वाढवली. वय वाढताना माणूस एक्का बनू शकतो, याचा हा पुरावा.

आणि मग २ एप्रिल २०११. वानखेडे. पुन्हा वर्ल्ड कपची फायनल. पहिला स्पेल: ५ ओव्हर, ३ मेडन, ६ रन, १ विकेट. आपण घराघरांत खुर्चीच्या टोकावर बसून तो स्पेल बघितलाय. पण त्याच संध्याकाळी त्याच माणसाच्या नंतरच्या ५ ओव्हरमध्ये ५४ रन गेले, हे किती जणांना आठवतं? एकूण १० ओव्हर, ६० रन, २ विकेट. आता सांगा, त्या दिवशी झहीर एक्का होता की नव्हता? ६ रनवाला खरा की ५४ वाला?

माझं उत्तर: दोन्ही खरे. आणि इथेच खरी मेख आहे. 'एक्का आहे का?' हा प्रश्नच आपण अर्धा विचारतो. पूर्ण प्रश्न असा: कितव्या स्पेलपर्यंत एक्का आहे?

नवा चेंडू, ताजं अंग, पहिला स्पेल... तिथे अनुभवी माणसाची कला बरंच काही झाकून घेते. मनगट म्हातारं होत नाही. कुठल्या बॅट्समनला काय टाकायचं, ते डोक्यातून पुसलं जात नाही. आधी जातं ते पुन्हा पुन्हा तेच करण्याचं बळ.

उदाहरण हवंय? फेब्रुवारी २०१४, वेलिंग्टन. पण त्याआधी थोडं मागे जाऊ. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सला पहिल्याच दिवशी १३.३ ओव्हर, १८ रन, २ विकेट अशी झकास बोलिंग करताना झहीरची मांडी दुखावली आणि तो मैदानाबाहेर गेला. त्याच्याशिवाय आपण ती मालिका ४-० अशी हरलो. हुकूम हातातून गेला की डाव कसा पडतो, ते तेव्हा कळलं. डिसेंबर २०१२ मध्ये कोलकाता टेस्टनंतर त्याला वगळलं. 'संपला' असं बऱ्याच जणांनी जाहीर करून टाकलं. पठ्ठ्या २०१३ मध्ये युवराजसिंगबरोबर फ्रान्सला जाऊन अंग कमावून आला आणि त्या डिसेंबरमध्ये टेस्ट टीममध्ये परतला. कुठे, तर त्याच वाँडरर्सवर! पहिल्या डावात ४ विकेट, दुसऱ्यात जॅक कॅलिसला पायचीत करून टेस्टमधली ३०० वी विकेट. कपिलदेवनंतर हा टप्पा गाठणारा तो आपला दुसराच फास्ट बोलर. २००३ चा हिशेब दहा वर्षांनी असा फिटला. शाब्बास!

पण नीट बघा. त्याच दुसऱ्या डावात दक्षिण आफ्रिकेने जवळजवळ ४५८ चा पाठलाग पूर्ण करत आणला होता. शेवटी ७ बाद ४५० वर मॅच ड्रॉ झाली. झहीरच्या नावावर त्या डावात ती एकच विकेट.

आता वेलिंग्टन. पहिल्या डावात हिरवंगार पिच, आपली पहिली बोलिंग. न्यूझीलंड १९२ वर खल्लास. ईशांत शर्मा ६ विकेट, मोहम्मद शमी ४ विकेट. सहा आणि चार दहा. झहीर शून्य. दुसऱ्या डावात मात्र न्यूझीलंडची अवस्था ५ बाद ९४ झाली, आणि त्यातले तिघे झहीरचे. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. नवा चेंडू हातात आला की एक्का अजून बोलत होता, हे तुम्हीही मान्य कराल.

मग आले मॅक्युलम आणि वॉटलिंग. ३५२ रनची भागीदारी. मॅक्युलमचा झेल ९ वरच सुटला होता, त्यामुळे सगळा दोष एका माणसावर टाकायला नको. पण तासामागून तास गेले आणि ती जोडी फोडायला एक्क्याकडे काही उरलं नव्हतं. मॅक्युलमला शेवटी बाद केलं झहीरनेच. फक्त तोवर त्याचे ३०२ झाले होते! न्यूझीलंड ८ बाद ६८० डाव घोषित. झहीर: ५१ ओव्हर, १७० रन, ५ विकेट.

कागदावर पाच विकेट. आमच्या ग्रुपवरच्या दुसऱ्या पार्टीने ही शीट हातात धरून मिरवली असती. पण त्या पाचांतल्या तीन विकेट मॅच आपल्या हातात असताना आल्या आणि उरलेल्या दोन मॅच निसटल्यावर. मधल्या ज्या वेळात मॅच ठरली, तिथे रकाना रिकामा. ५१ ओव्हर म्हणजे ३०६ चेंडू हो! बेसबॉलमधला सुरुवातीचा पिचर साधारण शंभरेक चेंडू टाकून बाहेर जातो आणि मग चारेक दिवस आराम करतो. आपण आपल्या एक्क्याकडून काय काय मागतो, ते जरा या मापाने मोजून बघा. ती झहीरची शेवटची टेस्ट ठरली.

पण हे सगळ्यात स्पष्ट ओळखलं कोणी? त्यानेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर करताना त्याने सांगितलेलं कारण मला फार आवडतं. नव्या सीझनची तयारी करताना त्याला जाणवलं, की दिवसाला अठराएक ओव्हर टाकणं आता खांद्याला झेपणार नाही. विकेट मिळत नाहीत असं नाही, वेग गेला असंही नाही. दिवसाला अठरा ओव्हर! आपलं माप त्याने स्वतःच ठरवलं आणि त्यात आपण बसत नाही, हे स्वतःच सांगितलं.

गोष्ट इथे संपत नाही. ११ एप्रिल २०१७, गहुंजे. सूसच्या पुलावरून हायवेला लागून मुंबईच्या दिशेने गाडी काढलीत, की फार लांब नाही. आपल्या पुण्याच्या टीमसमोर आयपीएलमध्ये दिल्ली, आणि दिल्लीचा कॅप्टन कोण? ३८ वर्षांचा झहीर. २० रनमध्ये ३ विकेट! पुणे १०८ वर ऑल आऊट, ९७ रननी पराभव. टेस्टमधून निवृत्त झालेला एक्का, पण चार ओव्हरच्या डावात तोच हुकूम. तोच खांदा, तेच डोकं. माप बदललं, उत्तर बदललं.

याची उलटी बाजूही असते. जुलै २०२४ मध्ये जेम्स अँडरसन लॉर्ड्सवर निवृत्त झाला. वय ४१, टेस्ट विकेट ७०४. त्या शेवटच्या मॅचमध्येही त्याने ४ विकेट काढल्या. तरी इंग्लंडने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की आता थांबायचं. कारण त्यांना आजचा नाही, पुढच्या मालिकांचा एक्का शोधायचा होता. निर्णय कठोर होता, पण निदान कुठला प्रश्न विचारतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि मुख्य म्हणजे त्यांनी ते त्याच्या तोंडावर सांगितलं.

रात्री दीड वाजता मी आमची एक्सेल शीट पुन्हा उघडली. रन बघितले नाहीत, विकेट बघितल्या नाहीत. फक्त एक रकाना वाढवला: त्या रविवारची कितवी मॅच? सूसला आम्ही एका सकाळी तीन मॅच खेळतो, तिसरी फायनल. शीट त्या क्रमाने लावली आणि चित्र लख्ख झालं. दादाच्या जवळपास सगळ्या विकेट पहिल्या मॅचमधल्या होत्या. तिसऱ्या मॅचमध्ये एकही नव्हती, सगळे रन मात्र तिथेच होते. दोन्ही पार्ट्या बरोबर होत्या. दोघी वेगवेगळ्या मॅचबद्दल बोलत होत्या, एवढंच!

आता सगळ्यात अवघड काम. ग्रुपवर टीम टाकून मोकळं होणं सोपं होतं. पण ज्या माणसाने मला बोलिंगची पहिली ग्रिप शिकवली, त्याला फायनलमधून वगळल्याचं व्हॉट्सअॅपवर कळावं? नाही जमलं. सकाळी साडेसहाला टर्फवर गेलो. दादा टेप लावत बसला होता. सांगितलं, "दादा, पहिल्या मॅचला नवा बॉल तुमचाच. फायनलला मात्र पोराला देतोय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. टेप गुंडाळून झाली. मग म्हणाला, "गुडघ्याने मला हे दिवाळीतच सांगितलं होतं. तू कधी सांगतोस, त्याची वाट बघत होतो."

पहिल्या मॅचला दादाने दोन ओव्हरमध्ये नऊ रन दिले आणि त्यांचा सगळ्यात डेंजरस बॅट्समन उडवला. फायनलला आमच्या २३ वर्षांच्या वाघाने पहिले दोन चेंडू वाइड टाकले, तिसऱ्यावर चौकार खाल्ला. आम्ही चार रननी हरलो. ग्रुपवर लगेच सुरू: "दादा हवा होता!"

पोहे खाताना मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "मी असतो तरी हरलोच असतो. फक्त वाइड पडले नसते." मग पोराकडे वळून त्याला ग्रिप दाखवायला लागला.

तर मंडळी, तुमच्या टीममध्ये, ऑफिसमध्ये असा एखादा एक्का असेल, तर 'तो संपला का?' असं कुजबुजत बसू नका. कितव्या स्पेलपर्यंत चालतो, ते बघा. आणि बघून झालं, की त्याला स्वतः जाऊन सांगा. बहुतेक वेळा त्याला ते तुमच्या आधीच माहीत असतं.

येत्या रविवारी नवा बॉल कोणाला? पहिल्या मॅचला दादाला. फायनलला पोराला. वाइड पडले तरी!